सोबान्तु आणि त्यांचे शिक्षक : एकोणिसाव्या शतकातील नाताळमधील झुलू भाषाध्ययन

१

परदेशी जाऊन सेवाकार्य अंगावर घेणाऱ्या मनुष्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो भाषेचा. विद्या, औषध वा धर्म यांपैकी काहीही द्यावयाचे झाले तरी ज्यास ते द्यावयाचे त्याच्याशी बोलता आले पाहिजे. यामुळेच एकोणिसाव्या शतकातील मिशनकार्याच्या इतिहासात व्याकरणे आणि शब्दकोश यांना मोठे स्थान प्राप्त झाले आहे. परंतु या ग्रंथांकडे पाहण्याची रूढ दृष्टी काहीशी एकांगी आहे. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर एका परकीय विद्वानाचे नाव असते आणि सारे श्रेय त्याच्याच पदरी पडते. त्याला ती भाषा कोणी शिकविली, शिकविणाऱ्याने कोणते प्रश्न विचारिले आणि त्या प्रश्नांमुळे शिकणाऱ्यात काय पालट झाला, याचा विचार क्वचितच होतो. मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या कोशासाठी शब्द गोळा करणाऱ्या ब्राह्मण शास्त्रीमंडळींची आठवण असलेल्या मराठी अभ्यासकास ही उणीव नवी नाही.

दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीत घडलेले एक प्रकरण या दृष्टीने मननीय आहे. तेथे एकाच काळी झुलू भाषा चांगल्या प्रकारे अवगत असलेले दोन इंग्रज होते. एक बिशप जॉन विल्यम कोलेन्सो आणि दुसरे वसाहत सरकारचे अधिकारी थिओफिलस शेपस्टन. दोघांत वीस वर्षे गाढ स्नेह होता. परंतु १८७४ मध्ये तो कायमचा तुटला. तुटण्याचे कारण भाषेच्या ज्ञानात नव्हते, तर ती भाषा कोणाकडून, कोणत्या नात्याने आणि कशासाठी शिकली यात होते. भाषा येणे आणि त्या भाषेतील माणसाचा शब्द खरा मानणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या प्रकरणावरून स्पष्ट होते.

२

आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील हा प्रदेश. १४९७ च्या ख्रिस्तजयंतीच्या सुमारास वास्को द गामा याची गलबते या किनाऱ्याजवळून गेली, म्हणून त्यास नाताळ हे नाव पडले. १८४३ मध्ये इंग्रजांनी तो आपल्या राज्यास जोडला. पश्चिमेस ड्राकेन्सबर्ग पर्वताची रांग आणि ईशान्येस तुगेला नदी. नदीपलीकडे म्पांडे राजाचे स्वतंत्र झुलू राज्य. वसाहतीत गोरे लोक मूठभर होते आणि झुलू बोलणारी प्रजा त्यांच्या अनेक पटींनी अधिक होती. ही प्रजा आपापल्या मुखियांच्या हाताखाली राहत असे. मुखियांवर नजर ठेवून झोपडीपट्टी वसूल करण्याची जी व्यवस्था होती तिचे शिल्पकार शेपस्टन हे होत. १८४९ पासून प्रत्येक झोपडीमागे वर्षास ७ शिलिंग हा कर घेतला जाऊ लागला.

शेपस्टन यांचे वडील १८२० मध्ये वसाहतवाल्यांच्या तांड्यातून केप प्रांतात आले आणि पुढे मिशनरी झाले. थिओफिलस यांचे बालपण मिशनस्थानांवर गेल्यामुळे झुलूस अत्यंत निकट असलेली खोसा भाषा त्यांना लहानपणीच अवगत झाली. १८३५ च्या युद्धात, वयाच्या अठराव्या वर्षी, ते गव्हर्नरांच्या छावणीत दुभाषी म्हणून काम करीत होते. १८४५ मध्ये नाताळमधील आफ्रिकी जमातींसंबंधीचा कारभार त्यांच्याकडे आला आणि पुढील तीस वर्षे तो त्यांच्याच हाती राहिला. लोक त्यांना 'सोमत्सेउ' म्हणत. त्यांच्या तोंडी झुलू भाषा सहज होती. मुखियांच्या सभेत वाक्य कोठे आखूड करावे आणि मौन कोठे धरावे हे त्यांना अचूक कळे. परंतु ही भाषा पहिल्यापासून दुभाष्याची आणि पुढे राज्यकर्त्याची भाषा होती. तिच्यात हुकूम देता येत असे व बातमी काढता येत असे.

कोलेन्सो यांची वाट निराळी होती. त्यांचा जन्म १८१४ मध्ये कॉर्नवॉल परगण्यात झाला. केंब्रिज येथे १८३६ च्या गणिताच्या परीक्षेत ते दुसरे आले. अंकगणित व बीजगणित यांवरील त्यांची पाठ्यपुस्तके इंग्लंडमधील शाळांत सर्वत्र चालत. १८५३ च्या अखेरीस नाताळचे पहिले बिशप म्हणून त्यांची नेमणूक झाली. १८५४ च्या आरंभी ते दहा आठवडे वसाहत पाहून गेले आणि १८५५ मध्ये पत्नी व मुले यांसह तेथे कायमचे राहावयास आले. त्यांच्यासमवेत विल्हेल्म ब्लीक हा तरुण जर्मन भाषाशास्त्रज्ञही होता. त्यांनी पीटरमॅरित्सबर्ग या राजधानीपासून काही मैलांवर बिशपस्टो येथे वस्ती केली आणि १८५६ मध्ये तेथे मुलांची शाळा काढिली. शाळेचे नाव 'एकुखान्येनी', म्हणजे प्रकाशाचे स्थान. शाळेत प्रामुख्याने मुखियांचे मुलगे होते. ते येण्यास शेपस्टन यांचा दबाव कारण झाला होता, ही गोष्ट विसरता येत नाही.

३

चाळिशी उलटलेल्या गणितज्ञाने झुलू भाषा कशी शिकावी ? अमेरिकन मिशनरी १८३५ पासून त्या प्रदेशात काम करीत होते. पण भाषेची साधने अद्याप तुटपुंजी होती. डोहने यांचा कोश १८५७ मध्ये आणि ग्राउट यांचे व्याकरण १८५९ मध्ये निघाले. कोलेन्सो यांनी आपल्या पद्धतीसंबंधी जे लिहून ठेविले आहे त्याचा आशय असा : भाषांची विशेष देणगी आपणांस नाही, जे साधले ते श्रमाने साधले. सकाळपासून सूर्यास्तापर्यंत झुलू मंडळींसह बसावे, जमेल तसे बोलावे, ती आपसांत बोलत असता ऐकावे, त्यांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे टिपून घ्यावे. दोन्ही पक्ष थकून गेले आणि मंडळी घरी परतली म्हणजे पुन्हा मेजापाशी बसून दिवसभराचे टिपण स्वच्छ लिहून काढावे.

या भाषेची घडण युरोपीय माणसास चकविणारी आहे. नामांचे वर्ग लिंगावर ठरत नाहीत, ते उपसर्गांनी ओळखावे लागतात. 'उमुन्तु' म्हणजे माणूस, 'अबान्तु' म्हणजे माणसे. 'थोर माणूस' हे 'उमुन्तु ओम्खुलु' असे होते आणि 'थोर माणसे' हे 'अबान्तु अबाखुलु' असे. 'इसित्शा' म्हणजे ताट वा भांडे. मोठे ताट म्हटले की विशेषण 'एसिखुलु' असे रूप घेते. नामाच्या आरंभीचा ध्वनी विशेषणात व क्रियापदात पुन्हा उमटतो. 'मोठा मुलगा आला, मोठी मुलगी आली' यांतील मेळ मराठी भाषिकास जन्मतः परिचित असतो. फरक एवढाच की मराठीत तो शब्दाच्या शेवटी दिसतो आणि झुलूत शब्दाच्या आरंभी. याशिवाय जीभ दातांवर, टाळूवर वा दाढांकडे आपटून काढावयाचे चुटकार ध्वनी आहेत. ते खोइ व सान लोकांच्या भाषांतून झुलूत आले. 'अबान्तु' या शब्दावरूनच ब्लीक यांनी या विस्तीर्ण भाषाकुलास बान्टू असे नाव दिले आणि ते शास्त्रात रूढ झाले.

व्याकरणाहून कठीण भाग पुढे होता. झुलू घरात सून सासरच्या वडीलधाऱ्यांचे नाव घेत नाही. इतकेच नव्हे, तर त्या नावातील ध्वनी असलेले नित्याचे शब्दही टाळून निराळे शब्द वापरते. या चालीस 'ह्लोनिफा' म्हणतात. पतीचे नाव न घेण्याची चाल ज्या समाजात होती त्यातील वाचकास तिचा भाव चटकन समजेल. असे शब्द व्याकरणाच्या सूत्रांतून उमगत नाहीत. ते घरात वावरणाऱ्या माणसांकडूनच कळतात. ईश्वरासाठी कोणता शब्द योजावा हा प्रश्नही असाच होता. पूर्वीचे मिशनरी 'उतिक्सो' हा खोइ भाषेतून आलेला शब्द वापरीत. कोलेन्सो यांनी १८५४ च्या पहिल्या प्रवासातच मुखियांना आणि सामान्य जनांना विचारून पाहिले, तेव्हा 'उन्कुलुन्कुलु' म्हणजे थोरांहून थोर, आणि 'उम्वेलिन्कांगी' म्हणजे सर्वांच्या आधी प्रकट झालेला, ही दोन नावे त्यांना मिळाली. ज्या लोकांना ईश्वराची कल्पनाच नाही असे सांगितले जात होते त्यांच्याच भाषेत त्या कल्पनेस दोन शब्द निघाले. या शोधाचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला.

पुढील सहा वर्षांत ग्रंथांची रीघ लागली : १८५५ मध्ये प्राथमिक व्याकरण, १८५९ मध्ये नवशिक्यांसाठी पाठमाला आणि १८६१ मध्ये झुलू-इंग्रजी कोश. शुभवर्तमानाचे व जुन्या करारातील काही भागांचे अनुवादही निघाले. याच काळात निघालेले एक लहानसे पुस्तक मात्र या सर्वांहून निराळे आहे. १८५९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत कोलेन्सो तुगेला ओलांडून म्पांडे राजाच्या भेटीस गेले. त्यांच्याबरोबर असलेल्या तिघा झुलू सहप्रवाशांनी, म्हणजे मागेमा, न्दियाने आणि विल्यम न्गिडी यांनी, आपापले प्रवासवृत्त झुलूत लिहिले आणि कोलेन्सो यांनी १८६० मध्ये ती तिन्ही वृत्ते अनुवाद व टिपा यांसह छापिली. झुलू माणसाने झुलूत लिहिलेल्या गद्याचे हे अगदी आरंभीचे मुद्रित नमुने होत. विद्यार्थ्यांसाठी वाचनपाठ म्हणून ती छापिली गेली हे खरे. परंतु बिशपच्या प्रवासाचे वर्णन बिशपच्या बरोबरच्या माणसांनी करावे आणि परकीयांनी त्यावरून भाषा शिकावी, ही गोष्ट त्या काळात साधी नव्हती. येथे शिक्षक कोण व विद्यार्थी कोण याविषयी संदेह राहत नाही.

४

या शिक्षकांपैकी विल्यम न्गिडी यांचे नाव इतिहासात विशेष गाजले. ते गाडीवान होते; लिहिणे-वाचणे त्यांनी अमेरिकन मिशनऱ्यांच्या सहवासात संपादन केले होते. बिशपस्टो येथे ते भाषांतराच्या कामात कोलेन्सो यांचे मुख्य साहाय्यक झाले. दोघे एका मेजाशी बसून जुन्या कराराची वाक्ये झुलूत उतरवीत. चांगला अनुवादक अर्थ कळल्याशिवाय शब्द देत नाही, आणि अर्थ विचारता विचारता न्गिडी यांनी जे विचारिले त्याने इंग्लंडचे धर्मपीठ हादरले.

महाप्रलयाची कथा चालली असता त्यांनी विचारिले की हे सारे खरोखरच घडले काय ? जगातील सर्व पशू, उष्ण व शीत प्रदेशांतील, एका तारवात आले काय ? त्या सर्वांना, हिंस्र श्वापदांनासुद्धा, पुरेल एवढे अन्न नोहाने गोळा केले काय ? गुरे राखणाऱ्या समाजातील मनुष्याचा हा प्रश्न आहे. किती जनावरांना किती चारा लागतो हे त्याला पक्के ठाऊक असते. दुसरा प्रसंग निर्गमाच्या पुस्तकातील. धन्याच्या मारामुळे दास एक-दोन दिवसांनी मेला तर धन्यास दंड नाही, कारण दास हा त्याचा पैसाच होय, अशा अर्थाचा नियम तेथे आहे. दयाळू परमेश्वराने एखाद्या माणसास पैसा म्हटले असेल ही गोष्ट साहाय्यकास सहन झाली नाही आणि त्याचा संताप कोलेन्सो यांनी आपल्या ग्रंथात नमूद करून ठेविला आहे.

अशा प्रश्नास ठरीव उत्तर देऊन वेळ मारून नेणे सोपे होते. कोलेन्सो यांनी ते केले नाही. विश्वासाने विचारणाऱ्या माणसाला, ज्यावर आपला स्वतःचा विश्वास नाही अशी गोष्ट सत्य म्हणून सांगावयाची काय, असा पेच त्यांच्यापुढे पडला. मग गणितज्ञाने आपली जुनी हत्यारे बाहेर काढिली. मिसरातून निघालेले सहा लक्ष लढवय्ये म्हणजे एकंदर जमाव किती, त्यास तळ ठोकण्यास जागा किती, पाणी किती, याचे हिशेब मांडून त्यांनी १८६२ मध्ये 'पेंटाट्यूक' म्हणजे पंचग्रंथी आणि यहोशवाचे पुस्तक यांच्या चिकित्सेचा पहिला भाग प्रसिद्ध केला. सातवा भाग १८७९ मध्ये निघाला. ही कथने अक्षरशः इतिहास नव्हेत, असा त्याचा निष्कर्ष होता.

इंग्लंडमध्ये वादळ उठले. झुलूंना ख्रिस्ती करावयास गेलेल्या बिशपचे मतांतर एका झुलूनेच केले, अशी थट्टा सर्वत्र होऊ लागली. मॅथ्यू आर्नल्ड यांच्यासारख्या विचारवंतानेही १८६३ च्या आरंभी कठोर टीका केली. केपटाउनचे बिशप रॉबर्ट ग्रे यांनी १८६३ च्या अखेरीस खटला चालवून कोलेन्सो यांना पदच्युत ठरविले. ग्रे यांना तसा अधिकारच नाही, असा निर्णय लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८६५ मध्ये दिला. पुढल्याच वर्षी पीटरमॅरित्सबर्ग येथे त्यांच्यावरील बहिष्काराची आज्ञा वाचून दाखविण्यात आली आणि १८६९ मध्ये प्रतिस्पर्धी बिशप आला. थट्टा करणाऱ्यांच्या मते झुलूचा प्रश्न हा पोरकट प्रश्न होता. कोलेन्सो यांच्या मते तो उत्तरास पात्र असलेला प्रश्न होता. भाषाध्ययनाची खरी कसोटी येथे दिसते. शिक्षकाकडून शब्द घ्यावयाचे आणि शंका मात्र घ्यावयाच्या नाहीत, असा व्यवहार त्यांना मान्य नव्हता.

५

या साऱ्या काळात शेपस्टन त्यांचे जिवलग मित्र राहिले. शेपस्टन यांची राज्यपद्धती न्यायाची आहे अशी कोलेन्सो यांची प्रामाणिक समजूत होती. ती १८७३-७४ च्या लांगालिबालेले प्रकरणात ढासळली.

लांगालिबालेले हे ह्लुबी जमातीचे मुखिया. १८४९ पासून त्यांची वस्ती ड्राकेन्सबर्गच्या पायथ्याशी होती. त्यांचे तरुण किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींत मजुरी करून बंदुका घेऊन परतत. या बंदुकांची नोंद करण्याचा हुकूम निघाला आणि मुखियांना राजधानीत हजर होण्यास सांगण्यात आले. ते गेले नाहीत. जमातीसह पर्वत ओलांडून निघाले. ४ नोव्हेंबर १८७३ रोजी खिंडीत चकमक होऊन सरकारी तुकडीचे पाच जण पडले. सूड भयंकर झाला. ह्लुबी जमात मोडून काढण्यात आली, गुरे व जमिनी जप्त झाल्या आणि शेजारच्या पुतिनी मुखियाच्या लोकांचीही तीच गत झाली. १८७४ च्या आरंभी लेफ्टनंट गव्हर्नर पाइन यांच्यापुढे जो खटला चालला त्यात आरोपीस वकील मिळाला नाही. शिक्षा झाली ती जन्मठेप हद्दपारीची आणि मुखियांची रवानगी रॉबेन बेटावर झाली.

राजधानीत जाण्यास मुखिया का भ्याले ? साक्षीदारांनी कारण सांगितले ते असे : १८५८ मध्ये शेपस्टन यांचे बंधू जॉन यांनी मत्शाना नावाच्या मुखियास सभेस बोलाविले होते, सर्वांनी निःशस्त्र यावे असे ठरले असता स्वतः मात्र हत्यार लपवून ठेवून त्यास दग्याने धरण्याचा प्रयत्न केला होता. तशीच गत आपली होईल ही धास्ती होती. न्यायासनाने ही कथा धादांत खोटी ठरविली. कोलेन्सो यांनाही प्रथम ती खोटी वाटली, कारण ती त्यांच्या मित्राच्या घराण्यावर आरोप करीत होती. परंतु ज्यांनी ती पाहिली होती ती माणसे जिवंत होती, आणि त्यांना गाठून त्यांच्याशी बोलण्याचे साधन बिशपस्टो येथे होते. १८५९ चा प्रवासवृत्तकार मागेमा फुझे आता तेथील छापखाना चालवीत होता. त्याच्या साह्याने साक्षीदार शोधण्यात आले आणि त्यांच्या जबान्या त्यांच्याच भाषेत, एकमेकांस न भेटू देता, उतरून घेण्यात आल्या. त्या जुळल्या. मत्शानाची हकीकत मुळात खरी होती. १८७५ मध्ये कर्नल कॉली यांनी केलेल्या सरकारी चौकशीतही हेच निष्पन्न झाले.

येथे दोन झुलू-जाणत्यांचे मार्ग फुटले. साक्षीदारांची भाषा शेपस्टन यांनाही पुरेपूर समजत होती. त्यांच्या व कोलेन्सो यांच्या मध्ये अनुवादाचा मतभेद नव्हता. प्रश्न इतकाच होता की झुलू माणसाच्या साक्षीस पुराव्याचे मोल आहे की नाही. वीस वर्षांचा स्नेह की रोज समोर बसणाऱ्या माणसांचा शब्द, यांतून कोलेन्सो यांनी दुसरा पक्ष स्वीकारला. त्याची किंमत जबर होती. धर्मचिकित्सेच्या वादात ज्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्यांना साथ दिली होती त्यांपैकी बहुतेक या वेळी त्यांना सोडून गेले. १८७४ मध्ये ते स्वतः लंडनला जाऊन वसाहतमंत्री लॉर्ड कार्नार्व्हन यांना भेटले. पाइन यांना परत बोलावण्यात आले आणि लांगालिबालेले यांना १८७५ मध्ये बेटावरून केपच्या मुख्य भूमीवर आणण्यात आले. स्वदेशी परतण्यास मात्र त्यांना १८८७ साल उजाडावे लागले. १८८९ मध्ये ते वारले.

६

यानंतर बिशपस्टोच्या छापखान्याचे रूप पालटले. धर्मग्रंथांबरोबर तेथे सरकारी कागदपत्रांची चिकित्सा छापली जाऊ लागली. झुलू राज्याचे दूत काय निरोप घेऊन आले आणि सरकारी इंग्रजीत तो कसा उतरला, हे वाक्यावाक्याने ताडून पाहता येईल असे ज्ञान आता कोलेन्सो व फुझे यांच्यापाशी होते. १८७७ मध्ये फुझे स्वतः सेत्श्वायो राजाच्या भेटीस गेले. त्या भेटीचे त्यांनी लिहिलेले वृत्त १८७८ मध्ये लंडनच्या 'मॅकमिलन्स मॅगेझिन' या मासिकात अनुवादरूपाने आले. ज्या राजाचे वर्णन इंग्लंडमध्ये क्रूर जुलमी म्हणून होत होते त्याचे म्हणणे एका झुलू लेखकाच्या लेखणीतून इंग्रजी वाचकांपुढे ठेविले गेले.

शेपस्टन यांची वाटचाल नेमकी उलट झाली. १८७३ मध्ये त्यांनीच सेत्श्वायो यांच्या राज्यारोहणाचा समारंभ केला होता. १८७७ मध्ये ट्रान्सव्हाल खालसा केल्यावर त्यांनी सरहद्दीच्या तंट्यात झुलूंविरुद्ध बाजू घेतली. १८७८ च्या सरहद्द आयोगाने झुलूंचा हक्क बव्हंशी मान्य केला, तरीही जानेवारी १८७९ मध्ये युद्ध लादले गेले. २२ जानेवारीस इसांडल्वाना येथे इंग्रज सैन्याचा मोठा पराभव झाला आणि वसाहत सूडाच्या भाषेने भरून गेली. अशा वेळी १२ मार्च रोजी कोलेन्सो यांनी पीटरमॅरित्सबर्ग येथे मीखा संदेष्ट्याच्या न्याय व दया यांविषयीच्या वचनावर प्रवचन केले आणि या युद्धात आपण न्यायाने वागलो काय, असा प्रश्न श्रोत्यांनाच विचारिला. १८८० मध्ये केपटाउन येथे बंदिवासात असलेल्या राजाची त्यांनी भेट घेतली. २० जून १८८३ रोजी त्यांचे निधन झाले. पुढल्या वर्षी वणव्यात बिशपस्टोचे घर ग्रंथ व कागदपत्रांसह जळून गेले.

या नात्याच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. लोकांनी कोलेन्सो यांना 'सोबान्तु' हे नाव दिले. त्याचा अर्थ लोकांचा पिता, मित्र नव्हे. पित्याची भूमिका त्यांनी कधी टाकिली नाही. ब्रिटिश राज्य मूलतः हितकारक आहे, ही श्रद्धाही शेवटपर्यंत पुरती सुटली नाही. कोशावर नाव एकट्याचेच राहिले. न्गिडी यांची कथा तर अधिक बोलकी आहे. एकाहून अधिक पत्नी असलेल्या पुरुषास बाप्तिस्म्यापूर्वी बायका टाकावयास लावू नये, असे मत कोलेन्सो यांनी १८५५ पासून मांडले होते. परंतु ख्रिस्ती झाल्यावर अनेक विवाह करणे त्यांना संमत नव्हते. न्गिडी पुढे मिशनस्थान सोडून आपल्या लोकांत गेले आणि बहुपत्नीक झाले. शिक्षकाने विद्यार्थ्याचे मत पालटले, पण विद्यार्थ्याच्या घरात कायमचे राहणे त्यास मानवले नाही.

७

पित्याच्या पश्चात हे कार्य पुढे चालविले ते कन्या हॅरिएट यांनी. त्या लहान असताना नाताळला आल्या. त्यांची झुलू बालपणापासूनची होती. लोक त्यांना 'उद्ल्वेद्ल्वे' म्हणजे पित्याच्या हातची काठी म्हणत. सेत्श्वायो यांचे पुत्र दिनुझुलु यांच्यावर १८८८-८९ मध्ये राजद्रोहाचा खटला झाला आणि १८९० ते १८९७ पर्यंत त्यांना सेंट हेलेना बेटावर ठेवण्यात आले. त्यांच्या सुटकेसाठी हॅरिएट यांनी इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षे खटपट केली. १८९६ मध्ये फुझेही त्या बेटावर शिक्षक व लेखनिक म्हणून गेले. १९०८-०९ मध्ये दिनुझुलुंवर पुन्हा खटला झाला तेव्हाही हॅरिएट त्यांच्या पाठीशी होत्या.

त्या दुसऱ्या खटल्याचे मूळ १९०६ च्या बंबाथा उठावात होते. हा उठाव भारतीय वाचकास अन्य कारणाने ठाऊक आहे. गांधीजींनी नाताळमधील हिंदी स्वयंसेवकांचे पथक घेऊन त्या वेळी जखमींची सेवा केली. ज्यांच्या जखमा धुण्यास गोरे तयार नव्हते अशा, फटक्यांनी सोललेल्या झुलूंची शुश्रूषा या पथकाने केली. आत्मकथेत ते लिहितात की त्या लोकांशी बोलता येत नव्हते; त्यांच्या खुणांवरून व डोळ्यांवरून कृतज्ञता कळत होती. करुणेला भाषेवाचून अडत नाही, हे यावरून दिसते. परंतु जखम का झाली, मारणारा कोण, त्याला तसा अधिकार होता काय, हे जखमी माणूस खुणांनी सांगू शकत नाही. ते ऐकावयाचे तर त्याची भाषा यावी लागते. बिशपस्टोच्या मेजापाशी जे घडले ते याच कारणाने महत्त्वाचे.

आणि त्या मेजाचा शेवटचा हिशेब एका झुलू लेखकानेच चुकता केला. मागेमा फुझे यांनी वार्धक्यात आपल्या लोकांचा इतिहास झुलूत प्रसिद्ध केला. 'कृष्णवर्णीय लोक आणि ते कोठून आले' अशा अर्थाचे शीर्षक असलेले हे पुस्तक १९२२ मध्ये पीटरमॅरित्सबर्ग येथे निघाले आणि त्याच वर्षी लेखकाचे देहावसान झाले. झुलू भाषिकाने झुलूत लिहून प्रकाशित केलेल्या पहिल्या मोठ्या ग्रंथांत त्याची गणना होते. इंग्रजी अनुवाद १९७९ मध्ये झाला. जेफ गाय यांनी १९८३ मध्ये कोलेन्सो यांचे आणि २००१ मध्ये हॅरिएट यांचे चरित्रविषयक अभ्यास प्रसिद्ध केले आणि ह्लोनिफा मोकोएना यांचा फुझे यांवरील ग्रंथ २०११ मध्ये आला. संशोधनाचा रोख शिकणाऱ्याकडून शिकविणाऱ्याकडे वळत आहे, हे या क्रमावरून ध्यानात येते.

कोशाचे मोल त्यातील शब्दसंख्येवरून ठरविण्याची रीत आहे. १८६१ च्या झुलू कोशाचे मोल ठरविताना आणखी एक माप वापरावे लागेल : तो तयार करताना जी माणसे समोर बसली होती, त्यांचा शब्द तेरा वर्षांनंतर न्यायासनाने खोटा ठरविला तेव्हा, कोशकाराने तो खरा मानून त्याची शहानिशा केली. शेपस्टन यांची झुलू कोलेन्सो यांच्या झुलूहून कदाचित अधिक सहज असेल. पण तिच्यात ऐकून घेण्यास जागा नव्हती.